यादीतला ओमेश्वर

हरिणखेड्यांच्या घरात सोमवारी भांडू नये, असा एक अलिखित नियम होता. सोमवारी फुलवंताबाईंचं मौन असे, आणि त्या मध्ये पडल्याशिवाय या घरातलं कुठलंही भांडण मिटत नसे. सुरू केलेलं भांडण दिवसभर उघडं ठेवण्यापेक्षा माणसं मंगळवारपर्यंत दम धरत. पण हे भांडण नेमकं सोमवारीच आलं, आणि आलं ते रुचिकाच्या मोबाइलवर.

फुलवंताबाई अंगणात तुळशीपुढे सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. तुळस म्हणायची त्यांना सोय नव्हती. नवऱ्याचं नाव तुलसीराम. लग्न होऊन आल्या दिवसापासून त्या तिला बिंद्रामाय म्हणत आल्या, आणि आता साऱ्या हिरडाटोल्यातल्या बायका तेच म्हणत. सोमवारी पहाटे बिंद्रामायला पाणी घातलं की ओठ मिटायचे, ते सांजवात लावल्यावर उघडायचे. मधल्या वेळात घर पेटलं असतं तरी त्या बोलल्या नसत्या; बादली घेऊन धावल्या मात्र असत्या.

रुचिका गोंदियाच्या कॉलेजातून आली ती स्कूटीवरून उतरल्याबरोबर स्वतःच्या घरात न जाता थेट काकूच्या ओट्यावर. ही थोरल्या गुलाबचंदची मुलगी. अंगण एक, चुली दोन. उजवीकडे गुलाबचंद आणि प्रेमिला, डावीकडे धाकटा खुमेंद्र आणि ओमेश्वरी. म्हातारा-म्हातारी धाकट्याकडे जेवत आणि दोन्हीकडचं ऐकत.

"काकू, तू अगोदर बस. मंग सांगतो," रुचिका म्हणाली.

ओमेश्वरी ओल्या हातानं बाहेर आली. "काऊन? यादीत माहं नाव नाई आलं का?"

"नाव आलं."

"मंग?"

"मानूस दुसराच आला." रुचिकानं मोबाइल पुढे धरून वाचलं, "ओमेश्वर खुमेंद्र हरिणखेडे. पुरुष."

खाटेवर पडलेले तुलसीराम उठून बसले. त्यांना अर्धं ऐकू येई, पण नेमकं नको ते अर्धं. "हा ओमेश्वर कोनाचा पोरगा? आपल्या नावाचा लागते, अन् मी वळखत नाई?"

"बाबूजी, तो मीच आहो," ओमेश्वरी म्हणाली.

तुलसीरामांनी सुनेकडे पाहिलं, मग बायकोकडे. फुलवंताबाईंनी कपाळाला हात लावला. मौनात तेवढी मुभा होती.

हसण्यासारखं होतं, पण हसायला कुणी धजलं नाही. यंदा हिरडाटोल्याचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं. बचत गटाच्या बायकांनी ओमेश्वरीचं नाव काढलं, कारण बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, धुण्याचा घाट बांधा म्हणून ग्रामसभेत तीन पावसाळे ओरडणारी ती एकटीच होती. मागच्या आषाढात त्याच बोडीच्या चिखलात प्रेमिलाचा पाय घसरून मनगट मोडलं होतं. खुमेंद्र तर पंधरवडाभर गावात 'आमी उभे राहून राहिलो' असं सांगत फिरत होता. आमी म्हणजे कोण, हे त्यानं मोघम ठेवलं होतं. आणि आता सरकारी कागदावर उमेदवार पुरुष.

"बाईच्या जागेवर पुरुष कसा उभा राहील?" रुचिका म्हणाली. "दुरुस्तीचा अर्ज उद्या दुपारपर्यंतच घेतात. मी विचारून आलो."

चूक झाली कशी, तेही तिनंच शोधून आणलं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी ओमेश्वरीचं नाव माहेरच्या यादीत, नागऱ्यालाच होतं. तिनं ते मुद्दाम हलवलं नव्हतं. मतदानाचा दिवस म्हणजे हक्काचा माहेरचा दिवस. महादेवाचं दर्शन, आईच्या हातचा वरणभात आणि जाता जाता मत. सासरी कुणाला नाही म्हणता येत नसे, देशाचं काम होतं. यंदा उभं राहायचं म्हणून तो दिवस तिनं सोडला आणि नाव इकडे आणायचा अर्ज रुचिकाच्या मोबाइलवरून भरला. पुढे तालुक्याच्या कचेरीतून खात्रीसाठी फोन आला. बोलणारा मुलगा नोकरीत नवा, कुठला तरी पश्चिमेकडचा. ओमेश्वरीचा घसा तेव्हा भजन सप्ताहानं बसलेला, आवाज घागरीतून आल्यासारखा.

"त्यानं विचारलं, ओमेश्वरी हरिणखेडे का?" ओमेश्वरीला आता सगळं आठवलं. "मी म्हनलो, हो जी, मीच बोलतो."

"अजून काय म्हनली?"

"म्हनलो, इथंच राहतो, शेती करतो, नाव नागऱ्याहून आनतो."

"झालं," रुचिका म्हणाली. "तिकडच्या बाया बोलते, राहते, करते म्हनतात. त्याले वाटलं, हा बाप्या होय आन नावात एक वेलांटी चुकून पडली. त्यानं वेलांटी खोडली."

"मंग मी काय बोलाचं होतं?"

या मुलखात आजी जातो म्हणते, नात येतो म्हणते, आणि देवळात बसलेली देवीसुद्धा अंगात आली तर 'मी घेतो' असंच म्हणते.

धान मळणीवरून खुमेंद्र आला तो अंगावरचा भुसा न झटकताच तापला. "भाऊ कुठं आहे? भाऊच तर बीएलओ होय. एक सही मारली की काम होते."

आणि इथेच खरी अडचण होती. गावाची मतदारयादी ज्याच्या हाती, तो माणूस म्हणजे समोरच्या ओट्यावरचे गुलाबचंद गुरुजी, ओमेश्वरीचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि भासरा-भावसून बोलत नसतात. ओमेश्वरी या घरात आल्यापासून गुलाबचंदशी एक शब्द बोलली नव्हती. ते अंगणात आले की ती दाराआड होई; तिची चाहूल लागली की ते खाकरून आकाशाकडे पाहत. काही सांगायचं असलं की दोघंही फुलवंताबाईंना सांगत. 'माय, तिले सांग.' 'आत्याबाई, त्याईले सांगा.' तीन हातांवर माणूस उभं असताना निरोप फुलवंताबाईंच्या तोंडून जाई.

फुलवंताबाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांनी स्वतः आपल्या भासऱ्याशी जन्मभर मर्यादा पाळली होती. शिवाय निरोप नेणं हे हमालाचं काम नव्हे. तिखट शब्द त्या वाटेतच धुऊन घेत. ओमेश्वरी म्हणे, 'त्याईच्या म्हशीनं माही मेथी खाल्ली, डोळे फुटले काय सगळ्याईचे?' गुलाबचंदना पोचे, 'म्हैस जरा आखूड बांधशील का बाबू.' गुलाबचंद म्हणत, 'रेडिओ बंद कर म्हना, मी पेपर तपासून राहिलो.' ओमेश्वरीला पोचे, 'गानं चांगलं आहे, जरा बारीक लाव.' अशानं घर शांत होतं. दोन्ही चुलींना वाटत होतं की समोरची चूल मऊ आहे.

गुलाबचंद शाळेतून आले. सायकल भिंतीला लावली, पाय धुतले, आपल्या ओट्यावर सतरंजी टाकून बसले. ओमेश्वरी चौकटीआड गेली. खुमेंद्रनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

ते बराच वेळ वाचत राहिले. एका ओळीला इतका वेळ लागत नाही.

"चूक आहे," ते शेवटी म्हणाले.

"चूक आहे हे आमालेही समजते. सही मार ना भाऊ."

"सही अशी मारता येत नाई." गुलाबचंदनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. "हे वाच. 'अर्जदारास प्रत्यक्ष भेटून, विचारून खात्री केली.' याच्याखाली माही सही. मी भेटलो नाई, विचारलं नाई, तर सही कशाची करू?"

"तुले माहीत नाई का ते बाई आहे म्हनून?"

"मले माहीत असून काय फायदा? कागद म्हनते, विचारून."

खुमेंद्रनं आईकडे पाहिलं. फुलवंताबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मी सांगतो ना," खुमेंद्र म्हणाला. "मी तिचा नवरा. मले विचार."

"बाईचं सगळं नवऱ्याले विचारलं म्हनूनच तर," रुचिका मध्येच बोलली, "गावोगावच्या सरपंचबाई घरी भाकरी थापतात आन नवरे कार्यालयात खुर्चीवर बसतात. काका, तू आतापासूनच सवय नोको लावू."

"तू चूप बस. तुह्या मोबाइलनंच हे केलं."

"मोबाइलनं वेलांटी दिली होती. खोडली मानसानं."

"मंग तू विचार तिले अन् बापाले सांग."

"ते नाई चालत," गुलाबचंद म्हणाले. "अर्ज हिनंच भरला. भरनाऱ्यानंच खात्री द्याची म्हनजे चोरानंच पंचनामा कराचा."

"बाबा, मी चोर?"

"नियम सांगून राहिलो."

हा नियम म्हणजे काय चीज आहे ते रुचिकाला पाठ होतं. चौथीत तिला तिच्या बापानंच शुद्धलेखनात नापास केलं होतं, आणि त्या संध्याकाळी 'पोरगी रडते' म्हणून घरी स्वतःच उपाशी राहिले होते.

प्रेमिला दारात येऊन उभी राहिली. मोडलेलं मनगट जुळलं होतं, तरी ती ते दुसऱ्या हातात धरून उभी राही. खुमेंद्रला तेवढंच पुरलं.

"नियम कायचा होय ते मले माहीत आहे," तो म्हणाला. "काल दुपारी त्या दुसऱ्या पार्टीच्या चैतरामची फटफटी कोनाच्या दारात होती? आमचं नाव कटलं की भाभीचं नाव पुढं. घरातली सरपंची घरातच, फक्त चूल बदलते."

फुलवंताबाईंचा हात सुपात थांबला. हे शब्द असेच्या असे त्यांनी कधी पलीकडे जाऊ दिले नसते. 'खुमेंद्र विचारते, काल पाहुणे कोन आले होते,' एवढंच झालं असतं. पण आज शब्द धुवायला कुणी नव्हतं. ते तसेच गेले आणि लागले.

गुलाबचंदचा चेहरा उतरला. "तुले असं वाटते का रे?"

"सगळ्या गावाले वाटल."

"चैतराम आला होता," प्रेमिला शांतपणे म्हणाली. "लपवाचं काय आहे त्याच्यात? म्हने, भाभी, तुमी उभ्या राहा, तुमचं नाव यादीत बरोबर आहे. मले कसं माहीत राहील की लहानीचं चुकलं म्हनून? त्याले माह्याआधी समजलं होतं."

"अन् तू काय म्हनली?" गुलाबचंदनी बायकोला विचारलं.

"म्हनलो, विचार करून सांगतो."

"पाहा," खुमेंद्र म्हणाला.

"पाहाचं काय आहे? मले कोनी कधी काही विचारलं नव्हतं, तर एक दिवस विचार करून पाहिला. बरा वाटला." प्रेमिला ओट्याची पायरी उतरली. "खुमेंद्रभाऊ, माहा हात मोडला तवा दोन महिने माह्या चुलीवर कोन होतं? तुमी होते का? तुमचे भाऊ होते? ते तर अंडं उकडाचं म्हनून भांड्यात पानीच घालाचं विसरले."

"कढईत," गुलाबचंदनी दुरुस्ती केली.

"कढईत. तर लहानी होती. मी उठून तिच्याविरुद्ध उभी राहू काय? मी चैतरामले आज सकाळीच फोन लावला. म्हनलो, नाव माहं बरोबर आहे, पन घाटासाठी भांडाचं तोंड लहानीचं आहे."

दाराआडून बांगड्या वाजल्या. ओमेश्वरीनं ऐकलं होतं. खुमेंद्र भुसा झटकू लागला. तो मघाशीच झटकायला हवा होता.

"मंग भाभी, तुमीच विचारा ना तिले," तो नरमाईनं म्हणाला. "भाऊ लिहून घेईल."

"मले काय, मी विचारतो. ये लहाने, तू बाई होय का?"

"हो जी," दाराआडून आवाज आला.

"झालं. लिहा."

गुलाबचंद हलले नाहीत. "तुह्या तोंडून नाई चालत. उद्या कोनी म्हनल, चैतरामनं जिले उभं राहा म्हटलं तिच्याच तोंडून गुरुजीनं लिहून घेतलं. मायच्या तोंडून चालल. माय बाजूले उभी राहून बोलली तर मी त्याले प्रत्यक्षच समजतो. सांजवात लागू द्या."

हा तोडगा सगळ्यांना पटला. पटण्याचं कारण असं की त्यात कुणालाच काही नवीन करावं लागत नव्हतं. सूर्य बोडीपलीकडच्या मोहाच्या झाडांवर टेकला होता. वेळ फार नव्हता. तुलसीरामांनी खाट अंगणाच्या मध्ये ओढली, पुढे काही गंमत होणार असेल तर तेवढी तरी नीट ऐकू यावी म्हणून.

"या घरात काय बोलले सगळे आज?" त्यांनी बायकोला विचारलं. फुलवंताबाईंनी खांदे उडवले. "तुले सगळं आयकू येते अन् बोलता येत नाई. मले बोलता येते अन् आयकू येत नाई. सोमवारी आपला जोडा चांगला जमते."

फुलवंताबाईंना हसू आलं, पण मन जाग्यावर नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि आज ऐकलेलं निवडत होत्या. प्रेमिला लहानीसाठी असं बोलेल, हे त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार? प्रेमिलाची माया आणि लहानीचे उपकार, दोन्ही त्यांच्याच हातून इकडचं तिकडे गेलं होतं, आणि हातून जाताना थोडं थोडं झिजलं होतं. तिखट झिजलं तसं गोडही झिजलं. कढई-भांड्याची गोष्टसुद्धा त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. आणि गुलाबचंदचा उतरलेला चेहरा. 'तुले असं वाटते का रे,' असं त्यानं भावाला विचारलं, तेव्हा दोघांच्या मध्ये म्हातारी नव्हती, म्हणून तर विचारलं.

मर्यादा म्हणजे देवाची गोष्ट, हे त्यांचं म्हणणं अजूनही बदललं नव्हतं. पण बिंद्रामायपुढे बसून खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मनातल्या मनात त्यांनी कबूल केलं: दोघांनी निरोपाला आपल्याकडे यावं, हे आपल्याला आवडत होतं. थोरली आली, धाकटी आली, ओटा कधी रिकामा राहिला नाही. उद्या ही दोघं समोरासमोर बोलायला लागली तर ओट्यावर कोण येणार?

आणि उद्या ही पोरगी ग्रामसभेत उभी राहील. समोर गुलाबचंद बसलेला असेल, शाळेचा गुरुजी म्हणून पहिल्या रांगेत. ती घाटाचा विषय काढेल. तेव्हा काय, म्हाताऱ्या सासूनं मध्ये बसून सांगायचं, गुरुजी, सरपंचबाई म्हणते की…

त्या उठल्या. निरांजनात तेल घातलं, वात सारखी केली, काडी ओढली. बिंद्रामायपुढे उजेड पडला. हात जोडून त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ मिटून ठेवले.

"माय, आता विचार तिले," गुलाबचंद म्हणाले. फॉर्म मांडीवरच्या पाटीवर ठेवून पेन उघडून ते तयार होते. "पहिलं नाव विचार."

फुलवंताबाई परत सुपापाशी येऊन बसल्या. ओठ मिटलेले.

"आजी, वात लागली," रुचिका म्हणाली.

आजीनं मान हलवली. लागली, हे खरं होतं.

"मंग बोल ना," तुलसीराम म्हणाले. "का आज जोडून मंगळवारही धरते?"

फुलवंताबाईंनी एक मूठ तांदूळ घेतला, पसरला आणि पुढ्यात पाहत राहिल्या. चौकटीआडून ओमेश्वरीचा आवाज आला, "आत्याबाई, तब्येत बरी आहे ना?" त्यावर त्यांनी हातानं खूण केली, बरी आहे, आणि तोच हात पुढे नेऊन समोरच्या ओट्याकडे दाखवला. नंतर हात परत सुपात.

सगळ्यांत आधी प्रेमिलाला कळलं. तिनं पदर तोंडाशी धरला. "गुरुजी," ती नवऱ्याला म्हणाली, "मायचं काही खरं नाई. आता तुमालेच विचारा लागते."

"मले?"

"कागदावर सही कोनाची? तुमचीच ना?"

गुलाबचंदनी आईकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी वर्गाला प्रश्न विचारले होते. तहसीलदाराला विचारले होते, एकदा आमदारालाही विचारला होता आणि घरी येऊन ताप भरला होता. पण हा प्रश्न. मघापासून भावसून पुढे येत नाही म्हणून अडलं, असंच साऱ्यांना वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. ते उभे राहिले, मग उभं राहायची गरज नाही असं वाटून बसले, आणि बसून विचारणं बरं दिसत नाही म्हणून पुन्हा उठले. शेवटी फॉर्म डोळ्यांसमोर धरून, चेहरा पूर्ण झाकून, त्यांनी कागदाला विचारलं,

"अर्जदाराचं नाव?"

तुलसीरामांनी खाटेवरून कान पुढे केला.

ओमेश्वरीनं चौकट ओलांडली. डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली ओढला नाही. तीन पावलं पुढे येऊन ती निरांजनाच्या उजेडात उभी राहिली. भासऱ्याला काय म्हणायचं, हा शब्द तिच्या तोंडात कधी घडलाच नव्हता. भाऊजी म्हणावं तर ते दिराचं. शेवटी सारं गाव म्हणतं तेच ती म्हणाली.

"लिहा गुरुजी. ओमेश्वरी. 'री'ले दीर्घ वेलांटी. ओमेश्वरी खुमेंद्र हरिणखेडे."

कागद थोडा हलला. "जन्मठिकान?"

"नागरा."

"राहन्याचं ठिकान?"

"हेच अंगन."

"आता पुढचा रकाना." कागद आणखी वर सरकला. "पुढच्या रकान्यात असं आहे की अर्जदार… म्हनजे अर्जदार हे…"

"विचारा ना, गुरुजी. कागदच विचारून राहिला, तुमी थोडीच."

"अर्जदार पुरुष की स्त्री?"

"स्त्री," ओमेश्वरी म्हणाली. "सोळा वर्सं झाली, तुमच्याच अंगनात राहतो."

"राहते," गुलाबचंदच्या तोंडून निघून गेलं. तीस वर्षांची सवय.

रुचिकानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण ओमेश्वरी हसली नाही.

"राहतो," ती म्हणाली. "माही माय राहतो म्हनते, आत्याबाई राहतो म्हनते, तुमची पोरगी कॉलेज शिकून आली तेही राहतो म्हनते. एका बाबूनं आयकलं नाई नीट, म्हनून मी माही बोली कायले बदलू? त्यानंच आपला कान बदलावा."

कागद खाली आला. सोळा वर्षांत पहिल्यांदा गुलाबचंदनी भावसुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लगेच निरांजनाकडे, पण पाहिलं. वर्गातल्या एखाद्या पोरानं गुरुजींचीच चूक दाखवावी तेव्हा दिसायचे तसे ते दिसत होते. थोडे रागावलेले, बरेचसे खूश.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि बसून लिहू लागले. 'प्रत्यक्ष भेटून, विचारून खात्री केली.' सही केली, तारीख घातली. "उद्या सकाळी शाळेच्या आधी मीच नेऊन देतो."

"अजून एक," ओमेश्वरी म्हणाली. "उभीच आहो तर मतही मागून घेतो."

"मी बीएलओ आहो. मले कोनाच्या बाजूनं बोलता येत नाई."

"बोलू नोका. बटन तर दाबता येते."

"मत गुप्त राहते."

"राहू द्या गुप्त. मी फक्त मागून ठेवलं."

"घाटाचं काय ते आधी सांगा," गुलाबचंद म्हणाले. सांगा म्हणाले, ते त्यांचं त्यांनाही नंतर लक्षात आलं. "तीन पावसाळे ओरडून राहिल्या, पन घाट बोडीच्या कोनत्या बाजूनं पायजे ते एकदाही नीट सांगितलं नाई. मोहाकडून बांधला तर पहिल्याच पुरात गाळानं भरल."

"कोन म्हनलं मोहाकडून? मी मंदिराकडून म्हनलो होतो. तुमी पहिल्या रांगेत बसून पेंगत होते."

"मी पेंगत नव्हतो."

"पेंगत होते. मी मागून पाहात होतो."

खुमेंद्र मध्ये पडायला पुढे झाला. प्रेमिलानं जुळलेल्या मनगटाचाच हात आडवा धरून त्याला थांबवलं. आवाज चढत होते. मंदिराची बाजू, मोहाची बाजू, गाळ, उतार, पेंग. फुलवंताबाईंचे ओठ आपोआप हलू लागले. 'गुरुजी म्हणते, बाई, जरा उताराचा विचार कर,' एवढं तयार होऊन जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. कडू लागलं नाही.

तुलसीराम खाटेवरून त्यांच्याकडे वाकले. "भांडून राहिले का हे?"

फुलवंताबाईंनी सूप उचलून बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"भांडू द्या," त्या म्हणाल्या. "मी चाय मांडतो."